गाडी कुठं थांबवायची

आमच्या लहानपणी ‘सहल’ हा शब्द शाळेच्या सूचनावहीत होता, घरात नव्हता. घरातली माणसं तुळजापूरला नवस फेडायला जात, तेरला गोरोबाकाकांच्या जत्रेला जात, चैती पुनवेला येरमाळ्याला चुन्याच्या रानात खडे वेचायला जात. बैलगाडीत खाली कडबा, त्यावर वाकळ, फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. लेकरांना इतिहास शिकवावा म्हणून आमच्या दारातून एकही गाडी कधी जुंपली गेली नाही. पण गाडी हळू चालायची आणि वाट लांबची असायची, म्हणून आजा बोलायचा. ही विहीर कुणी पाडली, हा माळ कुणाच्या कर्जात गेला, ह्या ओढ्यात कुणाला लुटलं. त्याच्या तरुणपणी बार्शी इंग्रजाच्या मुलखात होती आणि आमचं गाव निजामाच्या. बाजाराला जायचं तर सरहद्द ओलांडायची, नाक्यावर शिपायापुढं पोतं उतरवायचं, हाली शिक्का देऊन कलदार घ्यायचा. आम्ही ते पेंगत पेंगत ऐकलं. परीक्षेत त्यातलं काही आलं नाही. पण पाठ केलेल्या सनावळ्या पुसून गेल्या तरी मी कधी न बघितलेला तो नाका अजून डोळ्यांपुढं उभा आहे.

आता नातवंडं चारचाकीत बसतात. सोलापूरचा रस्ता मोठा झालाय, गाडी भन्नाट जाते. थांबते ती देवळाशी, किल्ल्याशी आणि हॉटेलाशी. लेकरांना घेऊन फिरावं, त्यांना जुन्या जागा दाखवाव्यात, म्हणजे इतिहास अंगात मुरतो, असं आता सगळेच म्हणतात आणि ते खोटं नाही. माझ्या मनात प्रश्न येतो तो वेगळाच. गाडी जिथं थांबते तिथं आपण लेकरांना सांगतो की हे आपलं, हे बघण्यासारखं. आणि जिथं थांबत नाही तिथंही काहीतरी सांगतोच, की इथं बघण्यासारखं काही नाही. लेकरू दोन्ही शिकतं. मग गाडी कुठं थांबवायची, आणि थांबवल्यावर काय बोलायचं, हे ठरवणं म्हणजे नुसता फिरण्याचा बेत राहत नाही. तो खऱ्या-खोट्याचा व्यवहार होतो.

तुळजापूरचं बघा. दर्शनाच्या रांगेत दोन-तीन तास जातात, आणि तेवढ्या वेळात लेकरू हमखास विचारतं, “देवीनं महाराजांना तलवार खरंच दिली होती का?” याला आपल्याकडं दोनच उत्तरं ठरलेली आहेत. एक म्हणजे, “गप बस, देवाच्या दारात असलं इचारू नाही.” दुसरं, शहरातून आलेल्या शिकलेल्या काकाचं, “अरे, सगळ्या भाकडकथा.” दोन्ही उत्तरांनी प्रश्न मरतो. माझ्या आईला शाळा ठाऊक नाही, पण तिनं पणतीला दिलेलं उत्तर मला आजही बरोबर वाटतं. ती म्हणाली, “दिली म्हणतेत बाई. लोकं म्हणतेत.”

या ‘म्हणतेत’मध्ये फार मोठं शहाणपण आहे. झालं ते एक आणि म्हणतेत ते एक. तुळजाभवानी ही भोसल्यांची कुलदेवता, हे झालेलं. १६५९ साली विजापूरहून अफजलखान निघाला, हे झालेलं. त्यानं तुळजापूरच्या देवीला उपद्रव दिला, हे बखरी सांगतात. पुढं महाराजांनी प्रतापगडावर भवानीचं देऊळ बांधलं, ते आजही उभं आहे. तलवारीची गोष्ट मात्र लोकांनी शेकडो वर्षं गोंधळात, पोवाड्यात, जोगव्याच्या परडीबरोबर दारोदार नेली. ती गोष्ट खोटी म्हणून फेकायची नाही आणि सनावळीत कोंबायचीही नाही. खुंटी वेगळी, एवढंच. लेकराला ते चटकन समजतं. घरात पाण्याचा हंडा वेगळा आणि देवाचा तांब्या वेगळा, हे त्याला ठाऊकच असतं.

तेरला याच्याही पुढची परीक्षा होते. गोरोबाकाकांच्या समाधीपाशी आपण त्यांची गोष्ट सांगतो. नामस्मरणात दंग होऊन ते चिखल तुडवत होते, पोटचं लेकरू रांगत आलं, पायाखाली गेलं, त्यांना कळलंही नाही. मोठी माणसं हात जोडतात, ‘काय ती भक्ती!’ म्हणतात. माझा धाकटा नातू ऐकता ऐकता थांबला आणि म्हणाला, “पण ते लेकरू रडलं नसंल का?” आजवर किती कीर्तनं ऐकली मी, पण त्या लेकराच्या बाजूनं गोष्ट ऐकायचं कधी कुणाला सुचलं नव्हतं. “पुढं विठ्ठलानं ते उठवलं,” असं त्याला सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही, आणि ते झालं नाही हे बरंच झालं. भक्ती मोठी असली तरी तिच्या पायाखाली कोण आलं हे विचारण्याचा हक्क त्याला आहे. संतांच्या समाधीपाशी तो प्रश्न विचारल्यानं संत लहान होत नाहीत.

त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे. गावच्या पांढरीत पावसाळ्यात वर आलेली मणी, नाणी, मातीच्या मूर्ती एका माणसानं आयुष्यभर जमवल्या, त्यांवर ते उभं राहिलं. तिथल्या हस्तिदंती बाईसारखीच एक मूर्ती इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या ढिगाऱ्यात सापडली, आणि ते शहर इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीखाली गेलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात ‘तगर’ या मोठ्या शहराचं नाव आहे. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांमधून भडोचच्या बंदराला जायची, असं तो लिहितो. ते तगर म्हणजे आपलं तेर. बिनरस्त्याच्या मुलखातून आमच्यासारख्याच कुणाच्या तरी बैलगाड्या तिकडं जात होत्या. गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे, त्याची पाठ गोल आहे, आणि ते मुळात चैत्यगृह होतं असं अभ्यासक मानतात. एकाच गावात बुद्धाचं, विष्णूचं आणि विठ्ठलाच्या कुंभाराचं. “मग हे गाव कुणाचं?” असं पोरं विचारतात. ज्याच्या त्याच्या वेळी ज्याचं त्याचं, हेच खरं उत्तर, आणि ‘आमचंच’ म्हणून छाती काढणाऱ्याला ते सोसत नाही.

परंड्याचा भुईकोट तर ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ यांचा पार गुंता करून ठेवतो. विजापूरला लोक बघायला जातात ती ‘मलिक-ए-मैदान’ तोफ एके काळी परंड्याला होती. ती १५४९ साली अहमदनगरला एका रूमी कारागिरानं ओतली. निजामशाहीची ती तोफ १६३२ साली परंड्याहून आदिलशाहीत विजापूरला नेली मुरार जगदेवांनी. म्हणजे तोफ ओतणारा तुर्की मुलखातला, ओतवून घेणारा सुलतान, तिला दुसऱ्या सुलतानाच्या दारात नेणारा मराठी ब्राह्मण. लेकरू विचारतं, “मग जिंकलं कोण? आपण का ते?” इथं घाई करू नये. त्याला म्हणावं, तूच सांग, यात आपण कोण?

नळदुर्गाला पावसाळ्यात गर्दी मावत नाही. बोरी नदी भरली की पाणीमहालावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. आदिलशाहीत, दुसऱ्या इब्राहिमच्या काळात बांधलेला तो बंधारा चारशे वर्षं पाणी अडवतोय. लोक पाण्याबरोबर फोटो काढतात, कणसं खातात आणि निघतात. त्या नदीवरच्या पुलाशी मात्र कुणी थांबत नाही. १३ सप्टेंबर १९४८ला पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून आली ती याच रस्त्यानं. पूल उडवला जायच्या आत तिनं तो ताब्यात घेतला, आणि हैदराबादच्या लढाईची पहिली चकमक इथं नळदुर्गाशी झाली. पाच दिवसांत संस्थान पडलं. १७ सप्टेंबरला आपल्या शाळांत झेंडावंदन होतं ते त्याचंच.

आमच्या नातीला हा धडा शाळेत आहे. रझाकार कोण, कासिम रझवी लातूरचा वकील, लोक सरहद्दीवरच्या छावण्यांत कसे गेले, हे तिला तोंडपाठ. पुलाशी गाडी बाजूला लावली तेव्हा तिनं ते सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. माझी आई मागच्या सीटवर होती. ऐंशी कधीच ओलांडलेली, त्या वर्षी दहा-अकराची असणार. ती म्हणाली, “व्हय. आम्ही ज्वारीत लपलो होतो. आता हायब्रीड आलंय, तवा ज्वारी पुरुषभर उंच ऱ्हायची. रझाकार आले की समद्या बाया आन् लेकरं रानात. पिंजाऱ्याची बायको बी आमच्याबरुबर लपायची. तिलाबी त्यांची भीती वाटायची.”

आमच्या गावात एका बोळाला आजही ‘पिंजारगल्ली’ म्हणतात. तिथं आता एकही पिंजारी नाही. ओळीनं पडक्या भिंती आहेत आणि त्यांत बाभळी माजल्यात. आम्ही लहान असताना विचारायचो, पिंजारी कुठं गेले? मोठी माणसं म्हणायची, “गेले.” कुठं? “गेले हैदराबादकडं.” तो ‘गेले’ शब्द आमच्या गावात असा वापरतात, जसं कुणी बाजाराला गेलं. नातीनं त्या दिवशी पणजीला तेच विचारलं. आणि आईनं, माझ्या कळत्या वयात पहिल्यांदा, पुढचं सांगितलं. फौज आली तेव्हा गावात गूळ वाटला. चार-पाच दिवसांनी रात्री पिंजारगल्ली पेटली. “कुणी पेटवली?” नात म्हणाली. आई थोडा वेळ नदीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “बाहीरचे बी होते. आपले बी होते.”

हा काही आमच्या एका गावाचा किस्सा नाही. लढाई संपल्यावर केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती इकडं पाठवली होती. १९४८च्या हिवाळ्यात ती संस्थानभर फिरली. सर्वांत जास्त हानी झालेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं लिहिली. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते आणि त्यांतल्या बहुतेकांचा रझाकारांशी संबंध नव्हता. जीव धोक्यात घालून शेजाऱ्याला वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यात आहे. तो अहवाल कैक वर्षं कपाटात राहिला. गावोगावच्या लोकांनीही आपापल्या कपाटाला कुलूप घातलं.

झालं आणि म्हणतेत, या दोन खुंट्या. ही तिसरी. सांगत न्हाईत. माझ्या मते लेकरांना घेऊन फिरण्याची खरी कसोटी या तिसऱ्या खुंटीशी लागते.

यावर जवळच्या माणसांचा आक्षेप मला ठाऊक आहे. “कोवळ्या डोक्यात हे विष कशाला?” असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. त्यांना लेकरांची काळजी असते. पण थोडा विचार केला तर विष कशात आहे ते दिसतं. नातीला फक्त रझाकार सांगितले, तर ती उद्या शाळेतल्या मुसलमान मैत्रिणीकडं बघून मनात हिशेब मांडील. फक्त पिंजारगल्ली सांगितली, तर ज्वारीत लपलेल्या पणजीची भीती तिला खोटी वाटेल. अर्धं सांगणं हेच विष. दोन्ही सांगितलं, आणि पिंजाऱ्याची बायकोही त्याच ज्वारीत लपली होती हेही सांगितलं, म्हणजे लेकराच्या हाती द्वेष येत नाही, सावधपणा येतो. माणसं कशी फिरतात, आणि फिरलेल्या गर्दीत आपण कुठं उभं राहू, असा प्रश्न ते स्वतःला विचारू लागतं. जर्मनीत शाळेची पोरं छळछावण्यांच्या स्मारकांवर नेतात, तीही आपल्याच आज्या-पणज्यांच्या राज्यात काय घडलं ते बघायला. त्यांचा देश त्यामुळं लहान झालेला दिसत नाही.

वयाचं तारतम्य ठेवावं लागतं, हे मान्य. पाच वर्षांच्या पोराला जळालेली गल्ली सांगायची नसते. पण त्यानं विचारलं तर खोटंही सांगायचं नसतं. “मोठा झालास की सांगीन,” हे उत्तर प्रामाणिक आहे. मात्र तो मोठा झाल्यावर सांगायचं असतं. आपल्याकडं हा दुसरा भाग राहून जातो, आणि सांगणारी माणसं एकेक करून सरणावर जातात.

एकदा अशी नजर आली की जिल्हाभर थांबायच्या जागा दिसू लागतात. कसबे तडवळ्याला १९४१ साली महार-मांग वतनदार परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्या रस्त्यानं आपल्या किती गाड्या थांबल्या असतील? ज्यांच्या घरातून परिषदेला माणसं गेली ती घरं आवर्जून थांबतात. बाकीच्यांना ते ‘त्यांचं’ वाटतं. पण वतन म्हणजे काय, गावकीची कामं कुणी कुणाकडून कशी करून घेतली, हे ज्यांच्या वाड्यावरून हुकूम सुटत होते त्यांच्या लेकरांना कळायला नको? उलट त्यांनी तर आधी थांबायला हवं.

लोहाऱ्याकडं वळलं की सास्तूर लागतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाचा गुलाल अजून अंगावर असताना, भूकंपानं लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली गावं झोपेत गाडली. हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर माळवदाची मातीची जड धाबी. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर अंगावर आलं. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, सरळ रस्ते, सिमेंटची घरं. जुन्या गावठाणात दगडांचे ढीग आणि बोरी-बाभळी. पोरांना तो ढीग दाखवून सांगता येतं की भूकंप माणसं मारत नाही इतकी भिंती मारतात. भिंत कशी बांधायची हे माणसाच्या हातात असतं. आणि हेही की त्या दिवशी मदतीला आलेल्या ट्रकांनी ढिगाऱ्याखालच्या माणसाची जात विचारली नाही.

आमच्या गावाजवळ एक पाझर तलाव आहे. फलक नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही. १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर तो बांधला गेला. नातवंडांना तिथं उभं करून मी सांगतो, “ह्या भिंतीवर तुमच्या पणजीनं पाटीनं माती टाकलीय. मिलोच्या भाकरी खाऊन. लेकरांना तिथंच सुकडी मिळायची.” नातू भिंतीवर पाय आपटून बघतो, पक्की आहे का. पन्नास वर्षांनी अजून पाणी धरते. किल्ल्याचा बंधारा कुणाच्या कारकिर्दीत झाला हे दगडावर कोरलेलं सापडतं. ह्या बंधाऱ्यावर कुणाचंच नाव नाही. पण माती टाकणारी बाई अजून जिवंत आहे आणि मागच्या सीटवर बसलेली आहे.

आणि एक प्रवास असा आहे की ज्याला आपण प्रवास म्हणतच नाही. दिवाळी झाली की भूम, परंडा, वाशी, कळंबकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोयते, कोंबड्या आणि लेकरं. तेही कुटुंबाबरोबर फिरतं लेकरूच. मुलूख बघतं, नद्या बघतं, कारखाने बघतं. फक्त त्याची शाळा मागं राहते. आपली गाडी त्या ट्रॉलीला ओव्हरटेक करून किल्ला बघायला जाते, तेव्हा काचेतून दोन्हीकडची लेकरं एकमेकांकडं बघतात. तेवढ्या क्षणात आपल्या लेकरानं “ते कुठं चाललेत?” असं विचारलं, तर उत्तर द्यायला हवं. “कामाला” एवढ्यावर भागत नाही. कोरडवाहू जमीन, मुकादमाची उचल, पाऊस, सगळं सांगायला हवं. आजचं आहे, म्हणून ते इतिहासात मोडत नाही असं थोडंच आहे?

जिल्ह्याचं नाव आता पुन्हा धाराशिव झालंय. मधली शंभरेक वर्षं ते निजाम मीर उस्मान अली खानाच्या नावानं उस्मानाबाद होतं. आमची म्हातारी माणसं त्याही काळात बोलताना ‘धाराशिव’च म्हणायची. पाटी बदलली म्हणून कुणी आनंद करो, कुणी मन खट्टू करो. माझं एवढंच म्हणणं की पाटी बदलली तरी जुन्या पाटीखाली काय काय घडलं ते पुसता येत नाही, आणि पुसू नये. त्यात आपली भीती आहे, आपला मार खाल्लेला आजा आहे, आणि आपणच पेटवलेली गल्लीही आहे.

तेव्हा सुट्टीत लेकरांना घेऊन जरूर जा. रायगडला जा, वेरूळला जा, जमलं तर हंपीही बघा. पण त्याआधी एखाद्या सकाळी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा हात धरा आणि लेकरांना घेऊन आपल्याच गावच्या पांढरीतून चक्कर मारा. पडक्या भिंतीपाशी थांबा. म्हाताऱ्या माणसाला बोलू द्या, मध्येच दुरुस्त करू नका. बघितलेलं कुठलं, ऐकलेलं कुठलं, एवढं फक्त त्याला विचारा. आमच्या घरी त्या दिवसानंतर नातीनं पणजीला आणखी एकच गोष्ट विचारली. पिंजाऱ्याच्या मुलीचं नाव. सत्तर वर्षांत ते आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. आईला ते लगेच आठवलं.